वसंताचे कार्यक्रम आणि पाळीचे घड्याळ



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर प्राध्यापक, वकील, डॉक्टर, साहित्यिक यांना बोलावण्याचा परिपाठ आहे. यंदा चालकांनी कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले आणि विषयही आमच्यावरच सोपविला. तेव्हा आम्ही ठरविले की, दूरच्या देशातील घडामोडींवर बोलण्यापेक्षा आपण सगळे या घटकेला जे करीत आहोत त्याच्याविषयीच बोलावे. चैत्र-वैशाखात आपल्या इचलकरंजीत व्याख्याने होतात, मुलांची शिबिरे भरतात, जयंत्या होतात, चित्रकलेचे, गाण्याचे, नाटकाचे वर्ग चालतात. हे सर्व कोणासाठी होते, कोणाला गाठता येते आणि कोणाला येत नाही, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

वसंत म्हटला की पुस्तकात कोकिळा आणि आम्रमोहोर येतात. आपल्याकडचा खरा वसंत म्हणजे दुपारी तापणारे पत्रे आणि खाली गेलेले पंचगंगेचे पाणी. मग या दिवसांत माणसे एकत्र का जमतात? कारण साधे आहे. रब्बीची सुगी उरकलेली असते, पेरणीला अजून अवकाश असतो. शेतकऱ्याच्या हाताला वर्षात जी थोडी उसंत मिळते ती याच महिन्यांत. म्हणून गावोगावच्या जत्रा चैत्रात येतात. चैत्री पौर्णिमेला सासनकाठ्या घेऊन लोक जोतिबाच्या डोंगरावर जातात ते भक्तीने जातात यात शंका नाही. पण ती यात्रा ज्येष्ठात पेरणीच्या घाईत असती तर इतकी माणसे डोंगर चढली असती का, याचा विचार करावा. उत्सवाची तिथी पंचांगात लिहिलेली असली तरी ती निभते लोकांच्या फुरसतीवर.

शहरातल्या वसंत कार्यक्रमांचेही तेच आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली सुरू केली. एप्रिल-मे हा काळ तिला सोयीचा, कारण शाळा-कॉलेजांना सुट्टी असते, कोर्टे बंद असतात, आणि दिवसभराच्या उकाड्यानंतर संध्याकाळी बाहेर बसणे बरे वाटते. लोकांनी एका जागी बसून ऐकावे, विचार करावा, राज्यकारभारापासून विज्ञानापर्यंत सर्व काही आपल्या भाषेत समजून घ्यावे, ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती. ते ऋण आपण मान्य केलेच पाहिजे. आज महाराष्ट्रात गावोगाव ज्या व्याख्यानमाला चालतात त्या सर्व याच झाडाच्या फांद्या आहेत.

पण त्याच 1875 सालच्या वसंतात, 12 मे रोजी, पुणे जिल्ह्यातल्याच सुपे गावी दुसरे काय घडले हेही आठवावे. कर्जाने गांजलेले शेतकरी सावकारांच्या दारी जमले आणि त्यांनी कर्जरोखे आणि कागदपत्रे काढून जाळली. एका बाजूला शहरात सुशिक्षितांच्या सभा, दुसऱ्या बाजूला खेड्यात कागद जाळणारे निरक्षर हात. त्या शेतकऱ्याला त्या कागदावर काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. अंगठा मात्र त्याचा होता. ज्ञान आणि ज्ञानाची गरज यांच्यामध्ये केवढे अंतर पडू शकते, ते या एका सालात दिसते. आमच्या मते प्रत्येक व्याख्यानमालेच्या चालकाने ही दोन्ही दृश्ये शेजारी-शेजारी ठेवावीत.

हे अंतर कमी करण्याचा मार्गही याच भूमीत दिसला होता. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1855 साली शेतकऱ्यांसाठी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. यातला ‘रात्रीची’ हा शब्द आम्हाला ‘शाळा’ या शब्दाइतकाच महत्त्वाचा वाटतो. दिवसा राबणाऱ्याला दिवसा शिकायला या म्हणणे म्हणजे दार उघडे ठेवून उंबऱ्यावर भिंत बांधणे होय. फुले दांपत्याने आधी विद्यार्थ्याचे घड्याळ पाहिले, मग शाळेची घंटा बांधली.

आता फुल्यांच्याच परंपरेतला दुसरा माणूस पाहा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र आणले आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या काय होत्या? आठवड्यातून रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या वेळेला सकाळी-संध्याकाळी मर्यादा, आणि पगार वेळेवर. म्हणजे पैशाच्या आधी वेळ मागितलेला आहे. पुढे 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तिच्यात दोन कामगार स्त्रिया उभ्या राहून बोलल्या. एप्रिलचा महिना, उघडे मैदान, दहा हजार श्रोते आणि व्यासपीठावर गिरणीतल्या बाया. ही आमच्या दृष्टीने महाराष्ट्रातली एक थोर वसंतसभाच होय. त्यानंतर आठवडाभरातच, 1 मे 1890 रोजी, युरोप-अमेरिकेतले कामगार आठ तासांच्या दिवसासाठी प्रथमच एकाच तारखेला रस्त्यावर आले. आणि 10 जून 1890 पासून मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी सुरू झाली. आज आपण रविवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन सावकाश वर्तमानपत्र वाचतो, त्या सकाळीची किंमत कोणी मोजली हे विसरू नये.

पुढचा इतिहास तासांतच सांगता येतो. 1911 च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस 12 तासांवर आणला. 1922 साली आठवडा 60 तासांचा झाला, 1934 साली 54 तासांचा, आणि 1946 साली 48 तासांचा. या शेवटच्या पायरीची तयारी डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना झाली. पस्तीस वर्षांत मिळालेला हा एकेक तास सभा, संप, तुरुंगवास आणि उपाशी घरे यांतून आलेला आहे. 2025 साली महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातली दिवसाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याची 48 तासांची मर्यादा कायम आहे, जादा कामाला कामगाराची संमती लागेल, असे सांगण्यात आले. ज्याच्या घरी महिन्याचा किराणा उधारीवर येतो त्याची संमती किती मोकळी असते, हे या सभेत सांगण्याची गरज नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ.

इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. त्या एका मागापासून आज पेठेपेठेत खडखडणारे माग उभे राहिले. 2022 साली आपण महानगरपालिका झालो. गावाचा दुसरा लौकिकही लहान नाही. येथल्या दरबारी गायक असलेल्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विष्णु दिगंबर पलुस्करांना विद्या दिली. आणि पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गुरूच्या घरातले गाणे सामान्य माणसाच्या वर्गात नेऊन बसविले. 1974 साली पु. ल. देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन याच गावी भरले. 1977 साली आचार्य शांताराम गरुड यांनी समाजवादी प्रबोधिनी येथे उभी केली. आपटे वाचन मंदिराच्या कपाटांनी तर आमच्यासारख्या शाळा लवकर सुटलेल्या कितीतरी माणसांना वाचायला शिकविले. माग आणि पुस्तक, दोन्ही या गावाची दैवते आहेत. प्रश्न एवढाच की, या दोन देवळांत जाणारी माणसे एकमेकांना भेटतात का?

गणित मांडून पाहू. साध्या मागावर पाळी बारा तासांची असते. सोयीसाठी ती सकाळी 7 ते संध्याकाळी 7 धरा. व्याख्यान साडेसहाला सुरू होते. दिवसपाळीवाला तेव्हा मागापाशी उभा आहे. रातपाळीवाला जेवणाचा डबा घेऊन सायकलवर निघालेला आहे. म्हणजे गावातला मागवाला या आठवड्यात येऊ शकत नाही, आणि पाळी बदलून पुढच्या आठवड्यातही येऊ शकत नाही. दोन्ही पाळ्यांना एकाच वेळी चुकविणारी दिवसातली जी घटका आहे, नेमकी तीच आपण निवडलेली आहे. हे कोणी मुद्दाम केले असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्यांना पाच वाजता ऑफिस सुटते, ज्यांच्या शाळेला मे महिन्याची सुट्टी असते, त्यांच्या सोयीने वेळ ठरली आणि तिची सवय पडली.

दुसरे गणित. बारा तासांप्रमाणे सहा दिवसांचे 72 तास होतात. 48 तासांच्या आठवड्याहून 24 तास अधिक. चैत्र-वैशाखाचे आठ आठवडे धरले तर 192 तास. व्याख्यान दीड तासाचे म्हटले तर एकट्या या वसंतात एका मागवाल्याच्या आयुष्यातून 128 व्याख्यानांचा वेळ गेला. कामगाराला विचारांची आवड नाही असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा हा आकडा त्याच्यापुढे ठेवावा.

हे 48 तास कारखान्याच्या कायद्यातले. पण लहान शेडमध्ये माणसांची संख्या कायद्याच्या आकड्याहून कमी राहिली की तो कायदा दारातच थांबतो. आणि मालकांविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. खर्चीवाला म्हणजे दुसऱ्याचे सूत घेऊन मजुरीने कापड विणून देणारा. असा चार-सहा मागांचा धनी अनेकदा स्वतःच माग चालवितो, विजेचे बिल आणि सुताचा भाव यांच्या कात्रीत सापडलेला असतो. त्यालाही व्याख्यानाला येता येत नाही. तेव्हा ही भिंत केवळ मालक आणि मजूर यांच्यामधली नाही. ज्याची संध्याकाळ त्याची स्वतःची आहे आणि ज्याची नाही, अशा दोन गावकऱ्यांमधली ती भिंत आहे.

यात सर्वांत मोठा तोटा मुलांचा होतो. शाळेला सुट्टी लागते, आईबापाला लागत नाही. बाप मागावर, आई कांड्या भरायला. मग मूल कुठे जाणार? काही दारोदार फिरतात, काही नदीवर जातात, आणि काही आईच्या मागे शेडमध्ये येऊन पट्ट्याच्या आणि धोट्याच्या शेजारी खेळतात. त्याच वेळी गावात पोहण्याची, चित्रकलेची, बुद्धिबळाची, व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे भरलेली असतात. त्यांची वेळ सकाळची, म्हणजे सोडायला-आणायला घरी कोणी मोकळे असलेच पाहिजे. त्यांना फी असते, आणि हप्त्याच्या पगारात ती बसत नाही. ज्या मुलाला शिबिराची गरज सर्वांत अधिक, त्याच्यासाठी ते सर्वांत लांब. महापालिकेच्या शाळांच्या इमारती मे महिन्यात कुलूप लावून उभ्या असतात. त्यातल्या चार जरी सकाळी सात ते संध्याकाळी सात उघड्या राहिल्या, तिथे खेळ, गोष्टी, एक वेळचे जेवण आणि पंख्याखाली झोप एवढी सोय झाली, तर या गावचा वसंत खरोखर फुलला असे आम्ही म्हणू.

आमच्या म्हणण्यावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा की, वेळ दिली तरी कामगार येणार नाही, तो थकलेला असतो. थकतो हे खरे. पण 14 एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीला पाहा, 11 एप्रिलला फुल्यांच्या जयंतीला पाहा. रात्री उशिरापर्यंत माणसे उभी राहून भाषणे ऐकतात. ज्या सभेत आपल्याविषयी काही आहे असे वाटते तिथे थकवा आड येत नाही. आपल्याजवळच्या माणगावला 21 आणि 22 मार्च 1920 रोजी परिषद भरली, तेव्हा वसंतच होता. अठ्ठावीस वर्षांचे आंबेडकर अध्यक्ष होते आणि शाहू महाराज स्वतः येऊन त्या तरुणाला पुढारी म्हणून गौरवून गेले. ती माणगावात भरली, राजवाड्यात नव्हे. ज्यांच्यासाठी सभा, त्यांच्या गावी सभा, ही शाहू महाराजांच्या मुलखाची शिकवण आहे.

दुसरा आक्षेप भाषेचा. आपल्या मागांवर मराठीबरोबर कानडी, तेलुगू, हिंदी बोलणारी माणसे आहेत. त्यांना शुद्ध मराठीतले दीड तासाचे व्याख्यान कसे कळणार? मान्य. म्हणूनच केवळ व्याख्यान पुरणार नाही, हाताने करून पाहण्याचे वर्ग हवेत. हात सर्व भाषा जाणतो. अक्षय्य तृतीयेला आपण बसवेश्वरांची जयंती करतो. त्यांच्या बाराव्या शतकातल्या मेळ्यात परीट माचय्या आणि नावाडी चौडय्या हेही वचने रचीत होते. धंदा करणारा माणूस तिथे ऐकायलाही बसत होता आणि बोलायलाही उठत होता.

तिसरा आक्षेप, वर्ग कशाचे घेणार? आम्ही दोन-तीन सुचवितो. एक हिशेबाचा. साध्या मागावर मजुरी पिकावर ठरते; पिक म्हणजे एका इंचात पडलेले आडवे धागे. कापड 52 पिकाचे असेल तर एका मीटरमध्ये सुमारे 2,047 आडवे धागे येतात. माग मिनिटाला 150 धागे टाकीत असेल तर तासाला 9,000, म्हणजे सुमारे 4.4 मीटर कापड. तेही धागा एकदाही तुटला नाही तर. हा हिशेब मांडता आला की मजुरीच्या वाटाघाटीत आवाज चढविण्याचे कारण कमी होते. हा वर्ग मालकांनीही करावा, आमची हरकत नाही. सुप्याच्या शेतकऱ्याच्या हाती हा हिशेब नव्हता म्हणून त्याने काडी ओढली.

दुसरा वर्ग कानाचा. धोट्याच्या मागाच्या शेडमध्ये आवाज 90 डेसिबलच्या वर असतो. वर्षानुवर्षे त्यात उभे राहिल्यावर कान मंदावतो, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. वसंतात एक दिवस कान तपासणीचा ठेवावा, कानात घालायचे बोळे कसे वापरायचे ते दाखवावे. आणि एक लहानशी गोष्ट: व्याख्यानाला पहिल्या दोन रांगा प्रतिष्ठितांसाठी राखलेल्या असतात. ज्याने तीस वर्षे माग चालविला त्याला मागच्या रांगेत काही ऐकू येत नाही. राखीव खुर्ची खरे म्हणजे त्याची आहे.

तिसरा वर्ग असा की ज्यात शिकविणारा कामगार असेल. वहिफणीचा कारागीर हजारो उभे धागे एकेक करून ओवून घेतो, एकही न चुकविता. जॉबर नुसत्या आवाजावरून मागात काय बिघडले ते ओळखतो. घडीवाल्याच्या बोटाला कापडाचा दोष डोळ्याआधी कळतो. या विद्या आज त्या माणसांबरोबर जात आहेत, कारण नवे बिनधोट्याचे माग येत आहेत. आपल्या मुलांना मातीची भांडी करायला शिकविणारे शिबिर आपण भरवितो, फार चांगले. पण गाव ज्या कापडावर जगते ते कसे विणतात हे त्या मुलांपैकी किती जणांनी जवळून पाहिले आहे? एक संध्याकाळ वहिफणीच्या कारागिराला व्यासपीठावर बसवा. त्याला हार घाला, मानधन द्या, आणि डॉक्टर-वकिलांच्या मुलांनी समोर बसून धागा ओवून पाहावा. त्या संध्याकाळी या गावाला आपली ओळख पटेल.

तेव्हा चालकांपुढे आणि गावापुढे आमच्या सूचना थोडक्यात अशा आहेत. पुढच्या वर्षीच्या मालेतली निदान दोन व्याख्याने दोन वेळा व्हावीत. एकदा दुपारी चारला, रातपाळीवाला झोपून उठल्यावर, आणि एकदा रात्री नऊला, दिवसपाळीवाला जेवून निघाल्यावर. निदान एक व्याख्यान सभागृह सोडून कामगार वस्तीतल्या शाळेच्या पटांगणात व्हावे. स्त्रियांसाठी वेळ विचारून ठेवावी, आणि शेजारच्या खोलीत त्यांच्या मुलांना सांभाळण्याची व्यवस्था असावी. शिबिरांतल्या काही जागा बिनफीच्या असाव्यात, आणि त्या मिळविण्यासाठी कोणाला गरिबीचा दाखला मागू नये. मालकांच्या संघटनांनी वसंतात एका दिवशी पाळी तीन तास आधी सोडावी, मजुरी न कापता. यातले काम आमच्याकडेही येते. निरोप शेडोशेड पोचविणे, हिशेबाचा वर्ग चालविणे, कारागिरांना बोलते करणे, मैदानावर सतरंज्या घालणे आणि काढणे ही जबाबदारी कामगार संघटनांनी उचलावी. मागणी करणाऱ्याने ओझ्याचे एक टोक धरलेच पाहिजे.

कोणी म्हणेल, यात कामगारांचा लाभ आहे, व्याख्यानमालेचा काय? आमचे उत्तर असे की, एकाच प्रकारच्या श्रोत्यांपुढे वर्षानुवर्षे बोलणारी माला हळूहळू सुकते. वक्ते तेच, टाळ्या त्याच, शंका त्याच. ज्या दिवशी मागवाला उठून विचारील की, ‘साहेब, तुम्ही लोकशाही म्हणालात ती आमच्या शेडमध्ये कुठे बसते?’ त्या दिवशी वक्त्यालाही तयारी करून यावे लागेल. रानड्यांनी लावलेल्या झाडाला असे प्रश्न हेच खरे पाणी आहे.

फुरसत ही चैनीची वस्तू आहे असे मानण्याची रीत आहे. आम्ही ती भाकरीच्या पंक्तीला बसवितो. भाकरी माणसाला जगविते. फुरसतीत तो आपण कशासाठी जगतो याचा विचार करतो, शेजाऱ्याशी बोलतो, मुलाला मांडीवर घेतो, चार गोष्टी शिकतो. ज्या गावात निम्म्या लोकांची फुरसत दुसऱ्या निम्म्यांच्या कामावर उभी असते, त्या गावाचा उत्सव कितीही देखणा असला तरी अर्धा असतो. उरलेला अर्धा आणण्यासाठी फार पैसा लागत नाही. पुढच्या वर्षीची पत्रिका छापण्याआधी चालकांनी एकदा शेडच्या दारात उभे राहून पाळी किती वाजता सुटते एवढे विचारावे. सुरुवातीला तेवढे पुरेसे आहे.